पंचोबा, गर्दभानंद आणि न्यायालय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी पत्रांतील व्यंगाची भाषा

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासलेखनात एक श्रेणीव्यवस्था रूढ होऊन बसली आहे. ‘दर्पण’, ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘केसरी’, ‘सुधारक’ ह्या पत्रांना वाङ्मयेतिहासात मानाचे पान मिळते. ‘पुणे वैभव’ किंवा ‘हिंदू पंच’ ह्यांच्यासारख्या पत्रांचा उल्लेख झालाच तर तो एखाद्या तळटीपेत, तोही नाक मुरडून. भडक बातमी, वैयक्तिक निंदा, चित्रातून केलेली टवाळी हे वाङ्मय नव्हे. ती बाजारातील गडबड आहे, अशी ह्या उपेक्षेमागील समजूत असावी. ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही पत्रे थोर होती असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांतील पुष्कळसा मजकूर क्षुद्र होता आणि तो आजही क्षुद्रच वाटतो. परंतु ती बाजूला सारली, तर त्या काळातील मराठी गद्याच्या काही मोठ्या घटना अकारण घडल्यासारख्या दिसू लागतात, आणि राजद्रोहाच्या खटल्यांत मराठी शब्दाचा अर्थ कोणी, कसा ठरविला ह्या प्रश्नाचे एक अंग झाकलेलेच राहते.

प्रथम शब्दांविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. ज्याला आपण आज ‘पीत पत्रकारिता’ म्हणतो ती संज्ञा न्यूयॉर्कची. पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’मध्ये १८९५ पासून पिवळा झगा घातलेल्या एका टक्कल केलेल्या पोराचे चित्र येऊ लागले, त्याचा चित्रकार औटकॉल्ट. पुढच्याच वर्षी हर्स्ट यांच्या ‘जर्नल’ने त्या चित्रकारालाच आपल्याकडे ओढले. दोन्ही पत्रांच्या चढाओढीला त्या झग्याच्या रंगावरून नाव पडले. म्हणजे भडक पत्रकारितेचे नावच मुळी एका व्यंगचित्रातून जन्मले आहे. मराठीत मात्र ह्या नावाचा रंग उडून जातो. मराठी मनात पिवळा हा हळदीचा रंग आहे. हात पिवळे होतात ते लग्नात. ‘पीत’ हा तत्सम शब्द वापरून आपण ही अडचण टाळली, पण त्यामुळे संज्ञेतील चित्रही गेले आणि राहिले ते परिभाषेतील एक निर्जीव विशेषण. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाजवळ ह्या वस्तूसाठी स्वतःचे शब्द होते. बोभाटा होई, गवगवा होई, आणि कोणी कंडी पिकवी. ‘कंडी पिकणे’ ह्या प्रयोगात अफवेला पिकाची उपमा आहे. ती पेरली जाते, वाढते आणि मग कोणीतरी कापणीस येतो. ‘सनसनाटी’ ह्या उसन्या शब्दापेक्षा ही शब्दयोजना कितीतरी अधिक सांगते.

दुसरा शब्द ‘व्यंगचित्र’. हा शब्द मराठीने ज्या रूपात स्थिर केला आहे ते रूप भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे आहे. ‘व्यंग’ म्हणजे अंगाने उणा, विकल. हा ‘वि’ आणि ‘अंग’ ह्यांचा समास. ‘व्यंग्य’ म्हणजे व्यंजनेने सूचित होणारा अर्थ; हा ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘अंज्’ धातूचा विध्यर्थी कृदंत. दोन्ही शब्दांची कुळे अगदी निराळी. मराठीने जोडाक्षरातील यकार गाळला आणि दोन कुळे एका घरात नांदू लागली. ह्याला शुद्धलेखनाची चूक म्हणणारे आहेत. मला ही चूक भाग्याची वाटते. राजकीय व्यंगचित्रात दोन्ही क्रिया असतातच : एखाद्याचे नाक लांबवून, पोट फुगवून त्याला विकलांग करणे, आणि त्या विकलतेतून न उच्चारलेला अर्थ सुचविणे. पहिली क्रिया एकटी राहिली तर ते चेष्टाचित्र होते; दुसरी जोडली गेली म्हणजे राजकारण सुरू होते.

लंडनचे ‘पंच’ हे साप्ताहिक १८४१ साली निघाले. त्याच्या नावामागे इटालियन कठपुतळीच्या खेळातून इंग्लंडात आलेला कुबडा, मोठ्या नाकाचा, हाती सोटा घेतलेला विदूषक उभा आहे. मुंबईत एका पारशी गृहस्थांनी १८५४ साली ‘पारसी पंच’ काढला. पुढे १८८८ पासून तेच पत्र बरजोरजी नवरोजी ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘हिंदी पंच’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यातील काँग्रेसविषयक चित्रांचा संग्रह १८८६ ते १९०१ ह्या काळातील राजकारणाचा एक चित्रमय बखरग्रंथच आहे, लंडनमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड आपल्या मासिकातून त्यांतील चित्रे पुनर्मुद्रित करीत असत. लखनौस १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसेन ह्यांचा उर्दू ‘अवध पंच’ सुरू झाला. आणि मराठीत, ठाण्याहून ‘अरुणोदय’ (१८६६) चालविणाऱ्या काशिनाथ विष्णु फडके ह्यांच्या घराण्याने १८७० नंतरच्या दशकात ‘हिंदू पंच’ चालू केला. पुढे तो पुण्यास गेला.

इतक्या भाषांत हे एकच नाव का रुजले? केवळ इंग्रजी मासिकाचे अनुकरण एवढे उत्तर पुरेसे नाही. अनुकरण करणाऱ्यांनी इंग्रजी नियतकालिकांची इतर अनेक नावे उचलली, पण ती अशी पसरली नाहीत. कारण शब्दातच आहे. इंग्रजी विदूषकाचे नाव आणि आपल्याकडील न्याय करणारा ‘पंच’ ह्यांचा उच्चार जवळजवळ एक पडतो. येथे एक बारकावा आहे. मराठीतील ‘पाच’ ह्या तद्भव शब्दातील चकार दंत्य आहे. ‘पंच’ ह्या तत्सम शब्दातील चकार तालव्य आहे, आणि इंग्रजी नावातील ध्वनीही तालव्यच. म्हणून ‘पाच’ला जे साधले नसते ते ‘पंच’ला साधले. लंडनचा सोटेवाला विदूषक हिंदुस्थानात उतरताच गावच्या पारावर बसून निवाडा देणारा झाला. इंग्रज वाचकाला तो खोडकर वाटे. आपल्या वाचकाला तो अधिकारीही वाटे. एका परक्या नावाला ध्वनिसाम्यामुळे देशी अधिकार प्राप्त व्हावा, ही लोकव्युत्पत्तीची केवढी मोठी कामगिरी!

‘हिंदी पंच’ने आपल्या ह्या सूत्रधाराला ‘पंचोबा’ असे नाव दिले, आणि तेथे मराठीचा हात स्पष्ट दिसतो. पत्राचा मजकूर इंग्रजी-गुजराती, चालक पारशी. पण प्रत्यय मराठी. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, बिरोबा ही आपली दैवते, आणि ज्ञानोबा, तुकोबा हे आपले संत. ज्याच्याशी सलगी आहे पण ज्याचा दराराही आहे अशालाच मराठी माणूस ‘बा’ म्हणतो. रेणापूर-लातूरकडील विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या शिवारात म्हसोबा आहेच. मुंबईच्या बहुभाषिक बाजारात एका पारशी संपादकाला आपल्या विदूषकासाठी हा प्रत्यय सुचला ह्यावरून त्या काळच्या मुंबईत मराठीचे स्थान कोणते होते हेही कळते. व्यवहाराचे मोठे शब्द तिच्याकडून घेतले जात नसतील, पण सलगीचे प्रत्यय तिच्याकडून घेतले जात. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण ज्यांच्या ओठी होती त्यांना पंचोबा ह्या नावात पंच आणि परमेश्वर दोन्ही एकदम ऐकू आले असतील.

तथापि व्यंगचित्र ही कल्पनाच विलायतेहून आली, हे जे सामान्यतः म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. शिळाछापाचे व लाकडी ठोकळ्यांचे तंत्र आले, साप्ताहिकाचा साचा आला, जॉन बुल आणि ब्रिटिश सिंह आले. परंतु माणसाला दृश्य रूप देऊन त्याची टर उडविण्याची रीत महाराष्ट्रात छापखान्याच्या आधीची आहे. लळितातील व भारुडातील सोंगे, शिमग्यातील धिंड, बहुरूप्यांचे वेष ही तिची रूपे. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण सप्टेंबर १८७५ मधील पुण्याचे आहे. स्वामी दयानंद सरस्वतींची व्याख्याने झाल्यावर त्यांची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती रानडे आणि जोतीराव फुले तीत होते. विरोधकांनी त्याच वेळी एका गाढवाला सजवून, त्याला ‘गर्दभानंद’ असे नाव देऊन, त्याची प्रतिमिरवणूक काढली. हे चालते व्यंगचित्र होय. त्याची रचना पाहावी. चित्र आहे ते गाढवाचे. पण केवळ गाढव मिरविल्याने दयानंदांची निंदा होत नाही. ती होते नावातील ‘आनंद’ ह्या उत्तरपदाने. प्राणी पूर्वपदात आला, संन्याशाच्या नावाचा साचा तसाच राहिला, आणि त्या साच्यामुळे पाहणाऱ्याला लक्ष्य कळले. पुढे छापील व्यंगचित्राखाली जी ओळ येई तिचे काम नेमके हेच. आगरकर हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, तीही ह्याच जातीची. ह्या दोन्ही प्रसंगांतील क्रूरता लपविण्याचे कारण नाही. मराठी राजकीय व्यंगाचा पहिला मोठा उपयोग राज्यकर्त्यांविरुद्ध न होता सुधारकांविरुद्ध झाला, ही गोष्ट त्याचा गौरव करणाऱ्यांनी लक्षात ठेविली पाहिजे.

आता बातमीकडे वळू. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि वर्षाच्या आतबाहेर कोल्हापूर प्रकरणात सापडला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजीराव ह्यांना वेडे ठरविण्यासाठी कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करीत आहेत, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या दोन्ही पत्रांनी केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. टिळक-आगरकरांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. आपण हे प्रकरण सहसा चरित्रनायकांच्या धैर्याचा दाखला म्हणून वाचतो. पण वृत्तपत्रीय दृष्टीने पाहता ही खोट्या पुराव्यावर उभारलेली एक भडक बातमी होती, असेच म्हणावे लागते. आणि इतके म्हणून थांबता येत नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे नजरबंदीत असताना, आपल्यावर पहारा करणाऱ्या ग्रीन ह्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत तो तरुण राजा मरण पावला. पुरावा खोटा होता. भीती खोटी नव्हती. भडक पत्राच्या मूल्यमापनात ही गाठ नेहमी येते आणि ती सोडविण्याचा सोपा मार्ग नाही. त्याच सुमारास आगरकरांनी केलेले ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले, हा योगायोग मानावयाचा की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे प्रकरण अधिक महत्त्वाचे असून वाङ्मयेतिहासात त्याचा खरा अर्थ फार उशिरा लागला. १८८१ मध्ये सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, लोकापवादाच्या भयाने स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात ती काळ्या पाण्याची झाली. हा खटला वृत्तपत्रांना फार मानवला. ‘पुणे वैभव’ने ह्या निमित्ताने विधवांच्या, आणि एकूणच नव्या चालीच्या स्त्रियांच्या, वर्तनावर तोंडसुख घेतले. बातमी एका स्त्रीची होती. निष्कर्ष सर्व स्त्रीजातीविषयी काढण्यात आला. भडक लेखनाचे हे व्याकरण आजही बदललेले नाही : एकवचनी घटना, अनेकवचनी निंदा.

ह्या लेखनाने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यास छापली गेली. म्हणजे मराठीतील स्त्रीविषयक विचाराचा हा मूलग्रंथ ‘पुणे वैभव’च्या एका लेखाचे उत्तर म्हणून अस्तित्वात आला. ह्या पुस्तकाच्या आशयाविषयी गेल्या पाच दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या भाषेविषयी मात्र एक गोष्ट पुरेशी सांगितली गेली नाही. ताराबाईंनी निबंधाची भाषा वापरलेली नाही. १८७४ पासून ‘निबंधमाले’ने घालून दिलेला दीर्घ, संस्कृतप्रचुर, इंग्रजी वाक्यबंधाच्या वळणाने जाणारा गद्याचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्यांनी तो बाजूला ठेवून प्रतिपक्षाचीच बोली उचलली : थेट संबोधन, म्हणी, टोमणे, प्रश्नांवर प्रश्न, घरातले आणि चुलीपुढले दाखले. वृत्तपत्राने चव्हाट्यावर आणलेल्या विषयाला त्यांनी चव्हाट्याच्याच भाषेत उत्तर दिले. फरक इतकाच की ज्या अनेकवचनाने स्त्रियांना झोडपले जात होते ते अनेकवचन त्यांनी पुरुषांकडे फिरविले. एखाद्या दुर्गुणाचे नाव घ्यावयाचे आणि तो खरोखर कोणाच्या अंगी आहे असे विचारावयाचे, ही त्यांची रीत. ती व्यंगचित्रकाराच्या आरशाची रीत आहे. ह्या गद्याला ‘असंस्कृत पण ओजस्वी’ असे प्रशस्तिपत्र देण्याची प्रथा पडली आहे. ते मला मान्य नाही. येथे शैली जाणीवपूर्वक निवडलेली आहे, आणि ती ज्या वाचकासाठी निवडली तो ‘पुणे वैभव’चा वाचक होता. उत्तर त्याला समजावे असे त्यांना वाटत होते.

पुस्तकाची पुढची कथा दुःखद आहे. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली; त्यानंतर ते पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी ते पुनर्मुद्रित करीपर्यंत तसेच राहिले. ज्या लेखामुळे हे पुस्तक लिहिले गेले त्याला ‘क्षुद्र’ म्हणून आपण फाईल बंद केली, आणि त्याबरोबर त्याचे उत्तरही बंद फाईलीत गेले. श्रेणीव्यवस्थेची ही किंमत आहे.

तिसरे प्रकरण पंचहौद मिशनचे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या ह्या मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात शहरातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. ह्या प्रकारामागे गोपाळराव जोशी — डॉ. आनंदीबाईंचे पती — होते. त्यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’कडे दिली व ती छापली गेली. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, टिळक व रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. ह्या बातमीची भाषिक रचना विलक्षण आहे. तीत विशेषण नाही, आरोप नाही, मतही नाही. काही नावे आणि ‘चहा प्याले’ एवढेच क्रियापद. भडकपणा शब्दांत असतो असे आपण धरून चालतो. येथे तो वाचकाच्या संकेतव्यवस्थेत आहे. ब्राह्मण आणि मिशन ह्या दोन संज्ञा चहाच्या क्रियापदाने जोडताच वाक्य पेटते. तीच यादी दुसऱ्या समाजात छापली असती तर ती केवळ यादी राहिली असती.

हा मुद्दा न्यायालयाच्या चर्चेला उपयोगी आहे. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम १८७० साली दंडविधानात आले. त्याच्या शब्दरचनेत उच्चारलेल्या व लिहिलेल्या शब्दांबरोबरच खुणा आणि ‘दृश्य प्रतिरूप’ ह्यांचाही समावेश होता. हिंदुस्थानात व्यंगचित्राचे युग जेमतेम सुरू होत होते तेव्हाच कायद्याने त्याची दखल घेऊन ठेविली होती. (भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तिच्या १५२ व्या कलमातही हे ‘दृश्य प्रतिरूप’ टिकून आहे. कायद्याच्या भाषेतील काही पदे राज्ये बदलली तरी बदलत नाहीत.) १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा निराळ्या कारणाने बोधप्रद आहे. तो देशी भाषांतील पत्रांनाच लागू होता, इंग्रजी पत्रांना नाही. रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. पण विशिष्ट भाषेत बोललेले तेच वाक्य अधिक धोकादायक असते, हा जो सिद्धांत त्यामागे होता तो रद्द झाला नाही.

१८९७ च्या खटल्यात तो सिद्धांत उघडपणे पुढे आला. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले एक काव्य आणि शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तान्त छापला होता. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर खटला झाला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी आणि तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष ठरविले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी कलमातील मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा केला, हे सर्वश्रुत आहे. त्यावर त्या वेळेपासून टीका होत आली आहे आणि ती रास्तच आहे. उपसर्गाच्या नकारार्थाने सबंध शब्दाचा रूढ अर्थ ठरत नाही, हे व्याकरणाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण त्यांनी ज्यूरीला दिलेल्या दुसऱ्या सूचनेकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. लेखकाचा हेतू ठरविताना सुटा शब्द न पाहता संपूर्ण लेख, तो कोणत्या वाचकांसाठी लिहिला, कोणत्या वेळी व कोणत्या परिस्थितीत लिहिला हे पाहावे, असे ते म्हणाले.

आता मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ आठवावा. आर्थी व्यंजनेची निमित्ते सांगताना मम्मटाने वक्ता कोण, ज्याला उद्देशून बोलले तो कोण, स्वराचा काकू, वाक्य, वाच्यार्थ, जवळ असलेली तिसरी व्यक्ती, प्रसंग, देश आणि काल ह्यांची गणना केली आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात १८९७ च्या सप्टेंबरात एक इंग्रज न्यायाधीश, नकळत, ध्वनिसिद्धांताचीच परिभाषा ज्यूरीपुढे मांडत होता. फरक मूलभूत आहे तो पुढे. मम्मटाच्या मते व्यंग्यार्थ प्रतिभावान वाचकाला, सहृदयाला प्रतीत होतो. तो जाणणे हे वाचकाचे सामर्थ्य होय. न्यायालयाने त्याच अर्थाला लेखकाचा अपराध ठरविले. अर्थ जाणणारा एक, शिक्षा भोगणारा दुसरा. शिवाजीने जागे होऊन आपल्या देशाची दशा पाहावी एवढाच वाच्यार्थ असलेल्या रचनेत इंग्रजी राज्याचा धिक्कार वाचण्यासाठी न्यायाधीशाला स्वतःच मराठी सहृदयाची भूमिका घ्यावी लागली, आणि ती त्याने सरकारी भाषांतराच्या आधारे घेतली. त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’वर आणि वाईच्या ‘मोदवृत्त’वर खटले झाले. तालुक्याच्या गावांतून निघणाऱ्या ह्या पत्रांचा वाचकवर्ग तो केवढा! तरी सत्तेने त्यांच्या सूचितार्थाची दखल ‘केसरी’इतक्याच गांभीर्याने घेतली.

ह्या परिस्थितीला मराठी गद्याने दिलेले उत्तर म्हणजे शिवराम महादेव परांजपे ह्यांचा ‘काळ’. तो १८९८ मध्ये, म्हणजे ह्याच खटल्यानंतर आणि कलमाची व्याप्ती वाढविणाऱ्या दुरुस्तीच्या वर्षी सुरू झाला. परांजप्यांच्या वक्रोक्तीचे कौतुक नेहमी अलंकार म्हणून केले जाते. मला ती शब्दांनी काढलेले व्यंगचित्र वाटते. वाच्यार्थ स्तुतीचा ठेवावयाचा, आणि ती स्तुती इतकी फुगवावयाची की तिच्या आकारानेच ती कोसळावी. हे नाक लांबविण्याचेच तंत्र आहे. शब्दशः वाचणाऱ्याला तेथे राजनिष्ठा सापडते. ज्याला निंदा दिसली त्याने ती स्वतः पाहिलेली असते. हा बचाव दहा वर्षे पुरला. १९०८ मध्ये परांजप्यांनाही शिक्षा झाली. मात्र ह्या शैलीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिचा सहृदय ठरावीक होता : पुराणे, काव्ये आणि इतिहास ह्यांचे संदर्भ ज्याच्या कानावर आहेत तो. शेतकऱ्याशी बोलणाऱ्या जोतीरावांना ह्या वळणाची गरज पडली नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मधील व्यंग उघडे आहे. त्याची प्रकरणे छापता छापता ‘दीनबंधु’ने हात आखडता घेतला, ही गोष्ट उघडेपणाची किंमत काय असते ते सांगते.

व्यंगचित्राच्या बाबतीत भाषेची एक निराळीच अडचण होती आणि ती लिंगाची. मराठीत ‘सरकार’ हा शब्द, राज्यसंस्था ह्या अर्थी, नपुंसकलिंगी आहे. सरकार पडते, सरकार ठरविते. गुजरातीत व हिंदीत तो स्त्रीलिंगी. परंतु नपुंसकलिंगी वस्तू चित्रात काढता येत नाही. चित्रकाराला सरकार म्हणून कोणाला तरी उभे करावेच लागते : राणी, जॉन बुल, सिंह, पागोट्यातला कलेक्टर. म्हणजे लेखात जी गोष्ट व्याकरणाच्या आडोशाला राहू शकत होती तिला चित्रात चेहरा येई. ‘हिंदी पंच’मध्ये काँग्रेस पुष्कळदा स्त्रीरूपाने येते, कधी देवी होऊन, कधी साडी नेसलेली कुलस्त्री होऊन. ‘काँग्रेस’ ह्या उसन्या नामाला आपण स्त्रीलिंग दिले त्यात सभा, परिषद ह्या शब्दांचे साहचर्य असेलच. पण वाचकाच्या मनात ते लिंग पक्के करण्यात चित्रांचाही वाटा असला पाहिजे, असा माझा तर्क आहे. येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला काम आहे.

आणि ते काम करताना एका गोष्टीचे भान हवे. मुंबई इलाख्यात प्राच्य भाषांतरकाराच्या कचेरीतून १८६८ पासून देशी पत्रांतील निवडक मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे सरकारकडे जात. मूळ अंक दुर्मिळ झाल्यामुळे आज बहुतेक संशोधक ह्या गोषवाऱ्यांवर अवलंबून राहतात. ते अवलंबित्व सोयीचे आहे, निरुपद्रवी नाही. गोषवारा करणाऱ्याला धोका कोठे आहे हे दाखवावयाचे होते. म्हणून त्याने व्यंग्यार्थ तोच वाच्यार्थ म्हणून लिहिला. ‘पंच’मधील चित्र इंग्रजी वाक्यात उतरले की त्यातील संदिग्धता संपते : अमुक प्राणी म्हणजे सरकार, अमुक स्त्री म्हणजे प्रजा, असे तो सांगून टाकतो. चित्राखालच्या ओळीतील कोटी तर उतरतच नाही. ‘गर्दभानंद’ ह्या शब्दाचे इंग्रजीत काय करावयाचे? १९०८ च्या खटल्यात टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणात मराठी शब्दांच्या छटा ज्यूरीपुढे उलगडण्याचा प्रयत्न केला, तो ह्याच अडचणीतून. निकाल लागला तो भाषांतरावरच.

निजामी मुलखातील वाचकाची स्थिती आणखी निराळी होती. रेणापूर, लातूर, नांदेड हा सारा टापू हैदराबाद संस्थानात. तेथे १८८४ पासून दरबाराची भाषा उर्दू झालेली. हैदराबादेत १८९२ साली जी सर्वांत भडक छापील वस्तू निघाली — मेहदी हसन ह्या बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर चिखलफेक करणारी निनावी पत्रिका — ती इंग्रजीत होती. मराठी, उर्दू वा तेलुगू बोलणाऱ्या रयतेशी तिचा संबंध नव्हता. रेसिडेन्सी आणि दरबार ह्यांच्यातील ती कुजबुज होती. तेथेही लक्ष्य पुरुष असून वार स्त्रीवर झाला, एवढे साम्य सुरतेच्या प्रकरणाशी आहे. पण तिला उत्तर देणारी ताराबाई निघाली नाही, कारण चव्हाट्याच्या भाषेत ती बातमी कधी आलीच नाही.

‘हिंदू पंच’चा शेवटही उपदेशाला सोयीचा नाही. टिळकांच्या हद्दपारीमागे गोपाळ कृष्ण गोखल्यांचा हात आहे अशा आशयाचा मजकूर त्याने छापला. गोखल्यांनी १९०९ मध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला व जिंकला, आणि ते पत्र त्यातून सावरले नाही. सरकारच्या विरुद्ध वापरावयाचे हत्यार शेवटी पुन्हा घरच्याच माणसावर, तेही नेमस्त माणसावर, उगारले गेले होते. १८७५ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर ते जसे उगारले गेले होते, अगदी तसेच. गोखल्यांवरील त्या मजकुराला कोणत्याही व्यंजनेचा आधार नव्हता. तो सरळ, वाच्यार्थाने केलेला आरोप होता; आणि म्हणून न्यायालयात त्याचा अर्थ काय, ह्याविषयी कोणालाही वाद घालावा लागला नाही.